ऑनिक्स रनटाइम: पळतं जबरदस्त, पण जीपीयूसकट बसवायचं म्हणजे डोक्याचा भुगा

आधीच सांगून टाकतो, ट्रेन झालेलं एआय मॉडेल नुसतं चालवायला काहीतरी हलकं हवं असेल तर ऑनिक्स रनटाइमला माझ्याकडून पाचपैकी साडेचार स्टार, आणि तीच लायब्ररी जीपीयूसकट बसवायच्या भानगडीला फार तर अडीच. सीपीयूवर बसवणं एकदम सरळ आहे, पण जीपीयूचं नाव काढलं की इम्पोर्ट एरर, डीएलएल (विंडोजच्या लायब्ररी फाइली), कुडा (एनव्हिडियाच्या जीपीयूवर हिशेब चालवायचं सॉफ्टवेअर), व्हर्जन अशी सगळी वरात मागे लागते. आणि त्यातही माझी खरी तक्रार इम्पोर्ट एररबद्दल नाहीच्चे, एरर आला की निदान कळतं तरी की काहीतरी बोंबललंय. खरा त्रास एरर न येता जे होतं त्याचा आहे, पण ते पुढे सांगतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ऑनिक्स हा मॉडेल साठवायचा एक कॉमन फॉरमॅट, २०१७ मध्ये फेसबुक आणि मायक्रोसॉफ्टने मिळून आणला, आणि ती फाइल चालवणारं इंजिन म्हणजे ऑनिक्स रनटाइम, जे मायक्रोसॉफ्टने २०१८ च्या डिसेंबरमध्ये ओपन सोर्स केलं, लायसन्स एमआयटी, म्हणजे धंद्यासाठी वापरायलाही आडकाठी नाही. पायटॉर्चमध्ये मॉडेल शिकवायचं, ऑनिक्समध्ये एक्स्पोर्ट करायचं आणि मग सर्व्हरवर पायटॉर्च टाकायचीच गरज नाही. हा फायदा कागदावर छोटा वाटतो पण प्रत्यक्षात जाम मोठा आहे, कारण कुडावालं पायटॉर्च त्याच्या सगळ्या लवाजम्यासकट कित्येक जीबी खातं, आणि रनटाइमचं सीपीयूवालं व्हील (पायथनचं बसवायला तयार पॅकेज) काही एमबीत उरकतं. जीपीयूवालं मोठं आहे, दोनशे एमबीच्या वर, पण तरी चालेल.

वापरायला तर इतकं सुटसुटीत की विचारू नका. इन्फरन्स सेशन बनवायचं, त्याला मॉडेलची फाइल द्यायची, रन म्हणायचं, इनपुटचं नाव आणि नमपायचा (पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीचा) अॅरे द्यायचा, झालं. एकच गोष्ट नवीन माणसाला हमखास नडते, नमपायचा दशांश अॅरे बाय डिफॉल्ट फ्लोट६४ असतो आणि मॉडेलला बहुतेक वेळा फ्लोट३२ लागतो, मग तो "अनएक्स्पेक्टेड इनपुट डेटा टाइप" म्हणून ओरडतो. अॅरेवर अॅजटाइप लावून फ्लोट३२ करा, विषय संपला. एररमध्ये काय आलं आणि काय हवं होतं दोन्ही लिहिलेलं असतं, असे एरर मला आवडतात.

आता इन्स्टॉल. पिप म्हणजे पायथनची पॅकेजेस बसवणारं टूल, सीपीयूसाठी पिप इन्स्टॉल ऑनिक्सरनटाइम, एवढंच. विंडोज, लिनक्स, मॅक सगळीकडे तयार व्हील मिळतात, काही कंपाइल करायला लागत नाही. इथेच "नो मॅचिंग डिस्ट्रिब्युशन फाउंड" आलं तर इंटरनेट किंवा पिपला शिव्या देण्याआधी पायथनचं व्हर्जन बघा. बाजारात आलेलं एकदम ताजं पायथन टाकलं असेल तर त्याच्यासाठी व्हील यायला वेळ लागतो, आणि उलट जुनं असेल तर नवीन रनटाइम मागताना गोची आहे कारण १.२० पासून पायथन ३.१० च्या खालचा सपोर्ट काढून टाकलाय. ३२ बिटवालं पायथन चुकून बसलेलं असेल तरी नव्या व्हर्जनसाठी हाच एरर येऊ शकतो. आणि डॉकरवाल्यांनो, इमेज बारीक करायच्या नादात अल्पाइन घेतलं असेल तर ते सोडा, तिथे ग्लिबसी या लिनक्सच्या नेहमीच्या सी लायब्ररीच्या जागी मसल असतं, त्यामुळे नेहमीची लिनक्सची व्हील्स तिथे बसतच नाहीत. डेबियनवाली स्लिम इमेज घ्या, चार एमबी जास्त गेले तर जाऊ देत.

पुढची कॅटेगरी, पिप म्हणतंय "रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड" आणि पायथन म्हणतंय "नो मॉड्यूल नेम्ड ऑनिक्सरनटाइम". दोघंही खरं बोलतायत, फक्त पिप एका पायथनचं आहे आणि स्क्रिप्ट दुसऱ्याच पायथनवर चालतेय. म्हणून नुसतं पिप कधी लिहूच नका, पायथन डॅश एम पिप असं लिहायची सवय लावा, म्हणजे ज्या पायथनने चालवणार त्याच्यातच पॅकेज जाईल. नोटबुकमध्ये असाल तर टर्मिनलमध्ये इन्स्टॉल करून काही उपयोग नाही, कर्नल कुठल्या एन्व्हायर्नमेंटचा आहे ते बघा किंवा सेलमध्येच टक्क्याचं चिन्ह लावून पिप चालवा आणि मग कर्नल रीस्टार्ट करा. रीस्टार्ट करा म्हटलं की लोक तेवढंच करत नाहीत आणि परत विचारायला येतात.

अजून एक गमतीशीर प्रकार. आपल्याच स्क्रिप्टचं नाव ऑनिक्सरनटाइम डॉट पीवाय ठेवलं की पायथन आधी तीच फाइल उचलतं आणि "पार्शली इनिशिअलाइज्ड मॉड्यूल, मोस्ट लाइकली ड्यू टू अ सर्क्युलर इम्पोर्ट" असं काहीतरी भारी वाटणारं वाक्य फेकतं. सर्क्युलर वगैरे काही नाही, फाइलचं नाव बदला.

विंडोजवाल्यांचा ठरलेला एरर म्हणजे "डीएलएल लोड फेल्ड व्हाइल इम्पोर्टिंग ऑनिक्सरनटाइम_पायबाइंड११_स्टेट". याच्यापुढे कधी "द स्पेसिफाइड मॉड्यूल कुड नॉट बी फाउंड" असतं आणि माणूस त्या नावाची फाइल शोधत बसतो, फाइल तर तिथेच समोर असते! नसते ती त्या फाइलला लागणारी दुसरीच कुठलीतरी डीएलएल, पण तिचं नाव विंडोज सांगत नाही. लिनक्स या बाबतीत बरं, ते सरळ हरवलेल्या फाइलचं नाव तोंडावर फेकतं. विंडोजवर पहिला उपाय म्हणजे व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल, ६४ बिटवालं, आणि सगळ्यात नवीन. "माझ्याकडे आहे की आधीपासून" असं म्हणू नका, जुनं असेल तर ते नसल्यासारखंच. कारण रनटाइम नव्या कंपायलरवर बनवलेलं असतं आणि त्याला नवीन एमएसव्हीसीपी१४० लागतं, आणि कधी कधी कोंडाच्या (पिपसारखंच दुसरं टूल) एन्व्हायर्नमेंटमध्ये त्याच नावाची जुनी कॉपी पडलेली असते आणि तीच आधी लोड होते, मग एरर बदलून "इनिशिअलायझेशन रूटीन फेल्ड" होतो. हे दोन एरर दिसायला सारखे, पण पहिल्यात फाइल नाहीये आणि दुसऱ्यात फाइल आहे पण चुकीची आहे, एवढा फरक लक्षात ठेवला तरी अर्धं काम होतं. तरी सापडत नसेल तर डिपेन्डन्सीज नावाचं फुकट टूल आहे, त्यात ती एररमधली पीवायडी फाइल (पायथनची डीएलएलच) ओढून टाका, काय मिळत नाहीये ते दिसतं.

नमपायचंही एक प्रकरण आहे. २०२४ च्या जूनमध्ये नमपाय २ आलं आणि जी पॅकेजेस नमपाय १ वर कंपाइल केलेली होती ती त्याच्यावर आदळायला लागली, "अ मॉड्यूल दॅट वॉज कंपाइल्ड युजिंग नमपाय १.एक्स कॅनॉट बी रन इन नमपाय २" असा लांबलचक मजकूर येतो आणि खाली "_अॅरे_एपीआय नॉट फाउंड". रनटाइमने १.१९ पासून नमपाय २ चालवून घेतलंय, त्यामुळे अपग्रेड जमत असेल तर ते करा. प्रोजेक्ट जुना असेल आणि हात लावायची सोय नसेल तर नमपाय २ पेक्षा कमी असं पिन करून टाका, त्यात कमीपणा काही नाही.

आता मुख्य मुद्द्याला येतो, ज्यासाठी मी स्टार कापलेत.

सीपीयूचं पॅकेज वेगळं, जीपीयूचं वेगळं, विंडोजसाठी डायरेक्टएमएलचं (मायक्रोसॉफ्टचा जीपीयू वापरायचा मार्ग) अजून वेगळं, पण पिपच्या लेखी तीन वेगळी नावं असली तरी डिस्कवर तिन्ही एकाच फोल्डरमध्ये जाऊन बसतात, साइट-पॅकेजेसच्या आत ऑनिक्सरनटाइम. एकाच घरात दोन भाडेकरू आणि दोघांना वाटतंय पूर्ण घर आपलंच. पिपला हे कळत नाही. तुम्ही मनापासून जीपीयूवालं टाकता, मग फास्टर-व्हिस्पर किंवा क्रोमाडीबीसारखं काहीतरी टाकता, त्यांच्या यादीत साधं ऑनिक्सरनटाइम लिहिलेलं असतं, पिप बघतं की या नावाचं पॅकेज तर नाहीये, आणि गुपचूप सीपीयूवालं आणून त्याच फोल्डरवर ओतून टाकतं. एरर नाही, वॉर्निंग नाही, सरळ सक्सेसफुली इन्स्टॉल्ड. नंतर अव्हेलेबल प्रोव्हायडर्स, म्हणजे मॉडेल कशाकशावर चालवता येईल त्याची यादी, विचारली की कुडा गायब.

मग हुशार माणूस काय करतो, पिप लिस्टमध्ये दोन दिसतात म्हणून सीपीयूवालं अनइन्स्टॉल करतो. तिथे खरी मजा. अनइन्स्टॉल करताना पिप आपल्या यादीतल्या फाइली काढतं, आणि त्या फाइली दोघांच्या सामाईक होत्या, म्हणजे जीपीयूवाल्याच्याही गेल्या. फोल्डरमध्ये उरते कुडा प्रोव्हायडरची शेअर्ड लायब्ररी आणि थोडा कचरा. आता इम्पोर्ट ऑनिक्सरनटाइम केलं तर चालतं! चालतं कारण इनिट फाइल नसलेल्या रिकाम्या फोल्डरलाही पायथन नेमस्पेस पॅकेज म्हणून आत घेतं. आणि पुढच्या ओळीला "मॉड्यूल ऑनिक्सरनटाइम हॅज नो अॅट्रिब्यूट इन्फरन्ससेशन". हा एरर घेऊन जेवढे लोक येतात त्यातले निम्मे तरी याच रस्त्याने आलेले असतात, बाकीचे वरच्या फाइलच्या नावाच्या प्रकारातले. ओळखायची खूण सोपी आहे, मॉड्यूलचं डबल अंडरस्कोर फाइल प्रिंट करा, धड रस्ता आला नाही तर हेच झालंय, आणि रस्ता तुमच्याच प्रोजेक्टच्या फोल्डरचा आला तर नाव बदला.

उपाय: दोन्ही अनइन्स्टॉल करा, मग साइट-पॅकेजेसमध्ये स्वतः जाऊन ऑनिक्सरनटाइमचं फोल्डर उरलंय का बघा आणि उरलं असेल तर हाताने उडवा, मग फक्त जीपीयूवालं एकच टाका. आणि सीपीयूवालं ओढून आणणारं ते दुसरं पॅकेजही हवंच असेल तर ते आधी टाका, जीपीयूवालं सगळ्यात शेवटी. तेही फोर्स रीइन्स्टॉल आणि नो-डेप्स लावून, म्हणजे बाकी काही हलणार नाही. जुगाड आहे मान्य, पण चालतो.

एवढं करून इम्पोर्ट झालं, अव्हेलेबल प्रोव्हायडर्समध्ये कुडा एक्झिक्युशन प्रोव्हायडर दिसलं, लोक खूश होऊन निघून जातात. थांबा. त्या यादीचा अर्थ एवढाच की हे पॅकेज कुडासकट बनवलंय. तुमच्या मशीनवर कुडा चालतंय असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही. कुडाचा भाग वेगळ्या शेअर्ड लायब्ररीत असतो आणि ती इम्पोर्टच्या वेळी नाही तर सेशन बनवताना लोड होते. तेव्हा कूब्लास किंवा कूडीएनएन (कुडाबरोबर लागणाऱ्या एनव्हिडियाच्या लायब्रऱ्या) सापडलं नाही तर लॉगमध्ये "फेल्ड टू क्रिएट कुडा एक्झिक्युशन प्रोव्हायडर" अशी ओळ पडते आणि सेशन मुकाट सीपीयूवर बनतं. प्रोग्राम चालू राहतो, उत्तरंही बरोबर येतात, फक्त हळू. जुन्या व्हर्जनांत कुडाची फाइल नसली तर इम्पोर्टच फुटायचं आणि लोक वैतागायचे, पण मला विचाराल तर ते बरं होतं. एका सर्व्हरवर हे डोळ्यांनी बघितलंय, सीपीयूचे सगळे कोअर शंभर टक्क्यांवर घामाघूम आणि एनव्हिडिया-एसएमआयमध्ये (जीपीयूची स्थिती दाखवणारी कमांड) जीपीयू शून्यावर निवांत, आणि ती वॉर्निंगची ओळ लॉगच्या ढिगाऱ्यात कुठेतरी वर गेलेली, कोणी बघायला गेलंच नव्हतं.

म्हणून सेशन बनवल्यावर लगेच सेशनलाच विचारा, गेट प्रोव्हायडर्स, आणि पहिलं नाव कुडाचं नसेल तर तिथेच प्रोग्राम थांबवा. एक ओळीचा असर्ट आहे, घाला. आणि सेशन बनवताना प्रोव्हायडर्सची यादी स्वतः द्या, जीपीयूवाल्या पॅकेजसाठी १.९ पासून ती द्यायचीच असा नियम आला, इंटरनेटवरच्या जुन्या कोडमध्ये ती नसते आणि मग "एक्स्प्लिसिटली सेट" करा असा एरर येऊ शकतो.

आता कुडा का सापडत नाही, तर दहातल्या नऊ वेळा व्हर्जनचा घोळ. पायपीआयवरचं (पिप जिथून पॅकेजेस आणतं ती साइट) जीपीयू पॅकेज १.१८ मध्ये कुडा ११.८ साठी होतं, १.१९ पासून कुडा १२ साठी झालं. सोबत कूडीएनएन ८ च्या जागी ९ आलं, आणि ८ वर बनवलेलं ९ बरोबर चालत नाही, ९ वर बनवलेलं ८ बरोबर चालत नाही. त्यामुळे रिक्वायरमेंट्स फाइलमध्ये व्हर्जन न लिहिता नुसतं नाव लिहिलं असेल तर काल चालणारा बिल्ड आज सीपीयूवर जाऊन पडू शकतो. व्हर्जन पिन करा, आणि डॉक्युमेंटेशनमध्ये कुडा प्रोव्हायडरच्या पानावर टेबल आहे ते बघूनच पिन करा, अंदाजाने नको.

इथे अजून एक गैरसमज. एनव्हिडिया-एसएमआयच्या वरच्या कोपऱ्यात कुडा व्हर्जन १२ पॉइंट काहीतरी दिसतं आणि लोक म्हणतात, आहे की कुडा. ते तुमच्या ड्रायव्हरला जास्तीत जास्त कितीपर्यंत झेपतं त्याचा आकडा आहे, मशीनवर कुडा टूलकिट बसलंय की नाही याचा त्याच्याशी संबंध नाही. टूलकिटचं एनव्हीसीसी डॅश डॅश व्हर्जनने कळतं. लिनक्सवर तर त्याहून पक्कं, प्रोव्हायडरच्या त्या शेअर्ड लायब्ररीवर एलडीडी चालवा, ज्याच्या पुढे "नॉट फाउंड" लिहिलंय ते शोधा. लिबकूब्लासएलटी डॉट एसओ डॉट १२ नॉट फाउंड म्हणजे कुडा १२ हवंय, ११ दिसलं तर ११. फाइल आहे पण सापडत नसेल तर तिचं फोल्डर एलडी लायब्ररी पाथमध्ये घाला. विंडोजवर पाथमध्ये घातलं तरी इम्पोर्टला उपयोग होईलच असं नाही, पायथन ३.८ पासून एक्स्टेन्शन मॉड्यूलला लागणाऱ्या डीएलएल शोधताना पाथ बघितलाच जात नाही, त्यासाठी ओएस मॉड्यूलमधलं अॅड डीएलएल डिरेक्टरी आहे.

बरं, या सगळ्यातून सुटकेचा रस्ता आता बऱ्यापैकी झालाय, त्याचं कौतुक करायलाच हवं. जीपीयू पॅकेजच्या नावापुढे चौकोनी कंसात कुडा आणि कूडीएनएन लिहून इन्स्टॉल केलं की पिपच त्या लायब्रऱ्या आणतं, सिस्टिमवर टूलकिट बसवायची गरज नाही, ड्रायव्हर तेवढा हवा. मग १.२१ पासून प्रीलोड डीएलएल्स नावाचं फंक्शन आहे, इम्पोर्टनंतर आणि सेशनच्या आधी ते एकदा बोलवा, झालं. पायथनमध्ये पायटॉर्चही असेलच तर अजून सोपं, आधी इम्पोर्ट टॉर्च आणि मग रनटाइम, टॉर्चने आपल्याबरोबर आणलेल्या कुडा आणि कूडीएनएनच्या फाइली मेमरीत आलेल्या असतात आणि रनटाइम त्याच वापरतं, अट एवढीच की दोघांचं कुडाचं आणि कूडीएनएनचं मोठं व्हर्जन सारखं हवं. पूर्वी ही युक्ती लोक एकमेकांना कानात सांगितल्यासारखी सांगायचे, आता डॉक्युमेंटेशनमध्ये रीतसर लिहिलीये.

सगळं जुळल्यावर स्पीड मोजणार असाल तर पहिला रन मोजू नका. जीपीयूवर पहिल्या रनला मेमरी घेणं आणि कन्व्होल्यूशनचा कुठला अल्गोरिदम बरा ते शोधणं चालतं, डिफॉल्टला तो शोध एकदम कसून होतो, त्यामुळे पहिला आकडा बघून "सीपीयू बरं होतं" म्हणून लोक परत जातात. आणि इनपुटचा आकार दर वेळी बदलत असेल तर हा शोध परत परत होतो, तेव्हा ते सेटिंग ह्युरिस्टिकवर टाका. मॉडेल एकदम चिमुकलं असेल तर मात्र सीपीयूच खरंच बरं पडतं, डेटा जीपीयूवर नेण्या-आणण्यातच वेळ जातो.

सी++ वाल्यांसाठी एक, कारण याने लई जणांना रडवलंय. विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये ऑनिक्सरनटाइम डॉट डीएलएल आधीपासून असते, विंडोजच्या स्वतःच्या एमएलसाठी, आणि ती जुनी असते. तुमच्या एक्झीच्या शेजारी तुमची डीएलएल ठेवली नाही तर ती जुनी उचलली जाते आणि "द गिव्हन व्हर्जन इज नॉट सपोर्टेड" येतं. डीएलएल एक्झीच्या फोल्डरमध्ये कॉपी करा.

टेन्सरआरटी किंवा ओपनव्हिनो घ्यावं का असं विचाराल तर एनव्हिडियाच्याच कार्डावर शेवटचा थेंब पिळायचा असेल तर टेन्सरआरटी, इंटेलच्या चिपवर ओपनव्हिनो, पण दोन्ही रनटाइमच्या आतून प्रोव्हायडर म्हणूनही वापरता येतात, म्हणून मी सुरुवात इथूनच करा म्हणेन.

आणि इन्स्टॉल, इम्पोर्ट, कुडा सगळं पार पडल्यावर मॉडेल लोड करताना "अनसपोर्टेड मॉडेल आयआर व्हर्जन १०, मॅक्स सपोर्टेड ९" आलं तर घाबरू नका, इन्स्टॉलेशन ठीक आहे. आयआर व्हर्जन म्हणजे मॉडेलच्या फाइल फॉरमॅटचा आकडा. एक्स्पोर्ट करणाऱ्याकडे ऑनिक्सचं नवीन व्हर्जन होतं आणि तुमच्याकडे रनटाइम १.१७ किंवा त्याआधीचं आहे, एवढंच. एकतर ऑनिक्स पॅकेजने मॉडेल उघडून आयआर व्हर्जन ९ करून परत सेव्ह करा, ऑपसेट (मॉडेलमधल्या क्रियांच्या संचाचं व्हर्जन) फार नवा नसेल तर बहुतेक वेळा चालून जातं, नाहीतर रनटाइम १.१८ किंवा पुढचं घ्या, आणि जीपीयूवर असाल तर ते घेण्याआधी कुडाचं टेबल परत उघडा.